लग्न टिपायचं ते कोणासाठी?

नागपूरच्या सक्करदऱ्यात लग्नाच्या फोटोंचं कोटेशन मागितलं, की स्टुडिओवाला जो कागद पुढे करतो त्यावर आता आठ-दहा ओळी असतात. ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक, प्री-वेडिंग, ड्रोन, एलईडी वॉल, करिझ्मा अल्बम. यातल्या बहुतेक ओळी गेल्या वीस वर्षांत एकेक करून वाढल्या. सगळ्यात खालची, सगळ्यात नवी ओळ रीलची. विशी-पंचविशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी मोबाइल आणि गिंबल घेऊन दिवसभर नवरा-नवरीच्या अवतीभवती राहते. हळदीचा व्हिडिओ हळदीच्याच संध्याकाळी मिळतो, वरातीचा त्याच रात्री, आणि सगळं कच्चं चित्रण दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या हातात पडतं. 'वेडिंग कंटेंट क्रिएटर' या नावाने हा धंदा कोविडनंतर इंग्लंड-अमेरिकेत उभा राहिला. नागपुरात त्याला सरळ 'रीलवाला' किंवा 'रीलवाली' म्हणतात.

ही ओळ घ्यावी की गाळावी, यावर मानेवाडा, नंदनवन, अयोध्यानगरच्या घरांमध्ये हल्ली बराच खल होतो. मुलीला ती हवी असते. अल्बम यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर मैत्रिणींचं कौतुक विरून गेलेलं असतं. बापाला ती उगाचची वाटते. दोन फोटोग्राफर असताना तिसरा कशाला, हा त्याचा प्रश्न. दोघांचंही बरोबर आहे. पण पैशांची घासाघीस करण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, आणि ती सहसा कुणी ठरवत नाही. हे सगळं बघणार कोण? तो प्रेक्षक ठरला की कुणाला बोलवायचं, काय टिपायचं आणि काय सोडायचं, हे आपोआप ठरतं.

बघणारा बदलत गेला

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढे शहरोशहरी स्टुडिओ निघाले तरी मांडवात कॅमेरा जाणं बराच काळ दूर होतं. लग्नानंतर जोडपं स्टुडिओत जायचं. नवरा खुर्चीत, नवरी बाजूला, मागे रंगवलेला पडदा. तो फोटो घराच्या भिंतीसाठी असे आणि घरात येणारा प्रत्येक जण त्याचा प्रेक्षक असे.

मग फोटोग्राफर मांडवात आला. छातीशी धरलेला यशिका-मॅट, त्यात 120 चा रोल, आणि रोलमध्ये चौकोनी 12 फोटो. पुढे पस्तीस एमएमचा कॅमेरा आला, त्यात 36. प्रत्येक 'खटक्'ला पैसे पडत. म्हणून घरातला कुणी जाणता माणूस फोटोग्राफरजवळ उभा राहून नावं सांगायचा: आता मोठे मामा, आता वर्ध्याचे व्याही, आता नवरीच्या शाळेच्या बाई. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना माणसं ओळीने उभी राहत. हे फोटो आज पाहिले तर सारखेच वाटतात, पण त्यांचं काम वेगळं होतं. ती नात्यांची नोंदवही होती. तुम्ही आलात, तुमचा मान राखला गेला, याचा तो पुरावा होता.

1980 च्या दशकात खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा आला. मागे हॅलोजन धरून एक पोरगा उभा असायचा, आणि त्या उजेडात जेवणाऱ्यांच्या पंक्तीसुद्धा अवघडून जायच्या. तीन तासांची कॅसेट ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी असायची. आजारी आत्या, परदेशातला भाऊ, सुट्टी न मिळालेला मेव्हणा. पुढे डिजिटल कॅमेरा आणि करिझ्मा अल्बम आले आणि त्यांच्यापाठोपाठ कँडिड फोटोग्राफी आली. डिसेंबर 2017 मध्ये इटलीत झालेल्या अनुष्का शर्मा-विराट कोहली यांच्या लग्नाचे जोसेफ राधिक यांनी काढलेले फोटो आणि विशाल पंजाबी यांच्या 'द वेडिंग फिल्मर'ची फिल्म घरोघर पोचली. त्यानंतर लहान शहरांतल्या नवरीलाही न सांगता टिपलेलं हसू हवंसं वाटू लागलं. कँडिडचा प्रेक्षक म्हणजे ते दोघं स्वतः.

रीलचा प्रेक्षक कोण, ते त्यामागच्या दोन-तीन घटना सांगतात. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं आणि मोबाइलचा डेटा स्वस्त झाला. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. तेव्हापासून मुलांच्या हाताला उभ्या, छोट्या, गाण्यावर कापलेल्या व्हिडिओचं वळण पडलं. अल्बम घरच्यांनी बघायचा, कॅसेट नातलगांनी. रीलचा प्रेक्षक मात्र पत्रिकेवर नसतोच. ज्याला बोलावलेलं नाही, ज्याला आपण ओळखत नाही, तोही तुमच्या मांडवात डोकावतो. कोटेशनवरच्या त्या शेवटच्या ओळीने लग्नात केलेला खरा बदल हाच, आणि त्याचा विचार न करता ती ओळ घेणं मला धोक्याचं वाटतं.

सक्करदऱ्याचा एक दिवस

सक्करदरा हा भोसल्यांचा परिसर. राजे रघुजीराव भोसल्यांनी 1908 मध्ये सूफी संत ताजुद्दीन बाबांना मनोरुग्णालयातून इथल्या आपल्या वाड्यात आणलं. पुढे उमरेड रोडवर त्यांच्या दर्ग्याचं ताजबाग उभं राहिलं. तलाव, बुधवार बाजार, राजे रघुजी नगरातलं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, आणि थोडं पलीकडे मानेवाडा रोडवरचा तुकडोजी पुतळा चौक, एवढ्या टापूत एका हंगामात सप्तपदीची लग्नं लागतात, निकाह होतात, आणि त्रिशरण-पंचशील घेऊन बौद्ध पद्धतीचे विवाहही होतात. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची जी दीक्षा झाली, तिने या शहरातल्या हजारो घरांच्या मांडवाचं रूप बदललं. इथे काम करणाऱ्याला म्हणूनच एकच साचा चालत नाही. बौद्ध विवाहात पांढऱ्या वस्त्रातली वधू बुद्धवंदनेत डोळे मिटून उभी असते. त्या वेळी फेऱ्यांच्या गाण्यावर बेतलेला शॉट शोधत फिरणारा रीलवाला तिथलं सगळंच चुकवतो. निकाहमध्ये वधूचं 'कबूल' ऐकू येतं ते बायकांच्या बाजूला. तिथे कोण जाऊ शकेल, हेही आधीच विचारायला हवं.

आणि मग नागपूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये लग्नं भरपूर आणि पारा 45 च्या आसपास. आयफोन 0 ते 35 अंशांच्या हवेत वापरावा, असं अॅपलच सांगते. दुपारी लॉनवर वरात थांबली की फोन तापतो, पडदा मंद होतो, कधी कॅमेराच बंद पडतो. अनुभवी मुलं दुसरा फोन सावलीत ठेवतात, कव्हर काढून शूट करतात आणि दुपारचं उन्हातलं चित्रण थोडक्यात आटपतात. जम्बो कूलर हा दुसरा शत्रू. त्याशिवाय मांडवात बसवत नाही, आणि त्याच्याजवळ उभं राहून शूट केलं की भटजींचा, नवरीचा, आजीचा सगळ्यांचा आवाज घरघरीत बुडतो. शर्टाला लावायचा छोटा वायरलेस माइक ज्याच्याकडे आहे, तो माणूस निम्मी परीक्षा तिथेच पास झाला.

तिसरी अडचण जागेची. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं: 1080 च्या दर्जाला, सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर मिनिटाला 60 एमबी, 4के असेल तर 170, आणि 4के, 60 फ्रेम असेल तर 400 एमबी. म्हणजे शेवटच्या दर्जावर तासभराचं चित्रण 24 जीबी होतं. हळद, वरात, लग्न, रिसेप्शन मिळून फोन भरतो, आणि ऐन बिदाईला 'स्टोरेज फुल' झळकतं. जेवणाच्या वेळात लॅपटॉपवर सगळं उतरवून घेणारा माणूस हवा. त्यातून घरच्यांना व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मिळाले तर ते दाबले गेलेले असतात. मूळ फाइल हार्ड डिस्कवर किंवा ड्राइव्हच्या लिंकवर मागायची, हे सांगण्याचं सौजन्य क्वचितच कुणी दाखवतं.

उभ्या चौकटीत न मावणारी माणसं

रील उभं असतं: रुंदीला 9 तर उंचीला 16. या चौकटीत एक माणूस छान दिसतो, दोन बसतात, तिसऱ्याचा खांदा कापला जातो. आपलं लग्न आडवं असतं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मामा, मागे करवल्या, पुढे भटजी, बाजूने अक्षता घेऊन उभं असलेलं सगळं वऱ्हाड. 'सावधान'ला अक्षता पडतात तो क्षण सगळ्यांच्या हातांचा असतो. उभ्या चौकटीत त्यातले दोन चेहरे उरतात आणि बाकीचा गोतावळा बाहेर राहतो. हा कुणाचा वाईट हेतू नाही. फोनचा आकारच तसा आहे. पण तो आकार शेवटी लग्नाचा अर्थ बदलून जातो. दोन घरांचा सोहळा दोन माणसांचा होऊन बसतो.

यावर उपाय आहे, आणि रीलवाल्याकडेच आहे. ट्रॅडिशनल फोटोग्राफर स्टेज सोडू शकत नाही. त्याच्यापुढे पाकिटं घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांची रांग असते. रीलवाला मोकळा असतो. त्याला जानोशावर पाठवता येतं, जिथे वर निघण्याआधी बाप एकटाच खुर्चीत बसलेला असतो. स्वयंपाकाकडे पाठवता येतं, जिथे सांबारवडीचा घाणा उतरतो आणि वडाभाताची भांडी भरली जातात. पहाटे मांडवडहाळ्याला, रुखवत मांडणाऱ्या मावशींकडे, नवरीच्या चपला लपवणाऱ्या पोट्ट्यांमागे. दीडशे वर्षांत लग्नाचा कॅमेरा या जागी जवळपास पोचलाच नव्हता. मोबाइल धरलेलं माणूस तिथे गेलं तरी कुणी पदर सावरत नाही, कुणी बोलणं थांबवत नाही.

नवरीच्या खोलीत तर मुलगीच हवी. बायकांचे फोटो परक्या पुरुषाने काढू नयेत अशी रीत असलेल्या घरांसाठी राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला होता आणि तिथे कॅमेऱ्यामागे बाई होती. सव्वाशे वर्षांनंतर गरज तीच आहे. नऊवारी नेसवताना, मेंदी काढताना, आई मुलीच्या केसांत गजरा माळताना तिथे सहज वावरणारी मुलगी जे टिपेल ते दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. या कामात मुली येत आहेत, ही या धंद्यातली मला सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते. रात्री उशिरा लॉनवरून घरी परतायची सोय मात्र बोलावणाऱ्यांनी करायला हवी. तीही त्या घरची पाहुणीच असते.

परत एकदा हार घाला

एका गोष्टीवर मात्र कडक राहायला हवं. हार घालून झाला, पण अँगल चुकला, म्हणून 'परत एकदा घाला' असं सांगितलं जातं. सप्तपदीचं पाचवं पाऊल थांबवून नवरीला मागे घेतलं जातं, भटजी गप्प बसतात. एप्रिल 2024 मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खंडपीठाने एका आदेशात बजावलं की हिंदू विवाह हा नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा कार्यक्रम नव्हे. विधी झाले नसतील तर केवळ प्रमाणपत्राने लग्न होत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार जिथे सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. म्हणजे ते पाऊल कायद्याच्या दृष्टीनेही शोभेचं नाही. कॅमेऱ्याने विधीच्या मागे चालावं, पुढे नाही. ठरवलेला शॉट हवाच असेल तर तो मेंदीच्या संध्याकाळी घ्या, फुटाळा तलावावर घ्या. मांडवात नको.

कुणाचा क्षण, कुणाची परवानगी

'शेअर करण्यासारखे क्षण' हे शब्द ऐकायला गोड वाटतात. पण हे क्षण कुणाचे असतात, ते पाहा. बिदाईला रडणारा बाप. वरातीत नाचणारी सतरा वर्षांची मामेबहीण. दोन घास जास्त खाल्लेल्या काकू. कोपऱ्यात डोळे पुसणारी, अजून लग्न न झालेली थोरली बहीण. यातल्या कुणीही आपला चेहरा हजारो अनोळखी माणसांना दाखवायला दिलेला नाही. नाचणाऱ्या मुलीची क्लिप कुणी तरी उचलतं, खाली घाणेरड्या कमेंट येतात, आणि त्याचा त्रास त्या मुलीला कॉलेजात होतो. रीलवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या घरच्या कार्यात पाहुणी म्हणून आलेल्या मुलीची अब्रू राखणं ही यजमानाची जबाबदारी आहे. ती ठेक्याने दुसऱ्याला देता येत नाही.

कायदाही इथे थोडी मदत करतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला सूट देतो, पण धंद्यासाठी ठेवलेलं, जाहिरातीला वापरलेलं चित्रण घरगुती नसतं. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीची अट आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याहून जुना आणि जास्त उपयोगी आहे 1957 चा कॉपीराइट कायदा. त्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि चित्रफितीचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. बहुतेक घरांना हे ठाऊकच नसतं. आणि बुकिंगच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात तो वेगळा करार छापलेला असू शकतो. म्हणून सही करण्याआधी ती बाजू वाचा. रीलवाला त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर काय टाकणार, किती काळ ठेवणार, कुणाचे चेहरे टाळणार, हे त्याच कागदावर हाताने लिहून घ्या. चांगला मुलगा त्याला कधी नाही म्हणत नाही.

गाण्याखाली बुडालेला आवाज

रील म्हटलं की त्यावर एक चालतं गाणं येतं. वरातीत डीजे लावणं वेगळं आणि रीलवर गाणं चढवणं वेगळं. विवाहाच्या सोहळ्यात आणि वरातीत संगीत वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. पण इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओला ती सूट मिळत नाही. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक अकाउंटला लोकप्रिय गाण्यांचा सगळा साठा वापरता येत नाही. कधी व्हिडिओचा आवाजच बंद केला जातो.

मला यात नुकसानीपेक्षा संधी दिसते. विदर्भातल्या हळदीला म्हाताऱ्या बायका जी गाणी म्हणतात, ती बहुतेक कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांत घराची, शेताची, व्याह्यांची नावं गुंफलेली असतात. नवरीच्या काकाने स्वतः रचलेल्या मंगलाष्टका असतात, ताटावर बसून घेतलेला उखाणा असतो, जेवायला वाढताना चाललेली व्याही-विहिणींची चेष्टा असते. हे सगळं रीलसाठी टिपलं जातं आणि मग वर गाणं चढवून पुसलं जातं. त्या आजीच्या जागी दहा सेकंदांचं, सगळ्या देशात त्या आठवड्यात वाजणारं गाणं उरतं. रीलवाल्याला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते: हळदीच्या गाण्यांचा, मंगलाष्टकांचा, उखाण्यांचा मूळ आवाज वेगळा, पूर्ण, न कापता द्या. त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावे लागले तरी द्या.

कागदावर काय ठेवायचं

आता बापाच्या प्रश्नाकडे येऊ. विदर्भात लग्नाचं कर्ज ही गोष्ट नवी नाही. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर कठोर टीका केली आणि सामुदायिक विवाहांचा आग्रह धरला. त्याआधी 1873 पासून जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने अवाजवी खर्च टाळून विवाह लावून दाखवले. कोटेशनवरची प्रत्येक नवी ओळ त्या परंपरेच्या विरोधात जाते, हे कबूल करायला हवं. म्हणून ही ओळ घ्यायची तर दुसऱ्या दोन काढा. ज्या लॉनवर पाहुणे नवरा-नवरीला समोरच बघू शकतात तिथे एलईडी वॉल कशाला? आकाशातून दिसणारा मांडव दोनदा कोण बघतं, की ड्रोन लागावा? स्टेजवरच्या ओळीने काढलेल्या फोटोंसाठी एक ट्रॅडिशनल फोटोग्राफर ठेवाच. त्या नोंदवहीशिवाय नातेवाईक नाराज होतात आणि त्यांची नाराजी रास्तच असते. त्याच्या जोडीला मोकळं फिरणारी एक जाणती मुलगी. लहान लग्नाला एवढं पुरतं. आणि घरातच चांगला डोळा असलेली भाची असेल तर तिच्यावर हे काम सोपवायला हरकत नाही, फक्त मग तिला जेवणाच्या पंक्तीत वाढायला उठवू नका.

निवड करताना तिच्या अकाउंटवरची झळाळती रील्स बघून भुलू नये. एका लग्नाचं न कापलेलं तासाभराचं चित्रण दाखवायला सांगावं. त्यात घरची माणसं किती आहेत, आवाज कसा आहे, विधीच्या वेळी कॅमेरा कुठे उभा आहे, हे पाच मिनिटांत कळतं. मग घरातल्या दोन जाणत्या माणसांनी तिच्याजवळ बसून कोण कोण आहे ते सांगावं, जसं कधी काळी रोलवाल्या फोटोग्राफरला सांगितलं जायचं. दोन याद्या कराव्यात. एक, जे बाहेर जाऊ शकतं त्याची. दुसरी, जे फक्त घरात राहील त्याची. पहिली यादी लहान ठेवावी. बाहेर जाणारा प्रत्येक व्हिडिओ आधी नवरीने बघावा आणि मगच तो जावा.

हे सगळं केलं तर कोटेशनवरची ती शेवटची ओळ पैसे वसूल करून देईल, असं मला मनापासून वाटतं. तिच्यामुळे जानोशावरचा बाप दिसेल, स्वयंपाकातल्या बायका दिसतील, आजीचं गाणं टिकेल. पत्रिकेवर नसलेल्या लाखभर माणसांची वाहवा आठवडाभरात ओसरते. लग्नाला आलेल्या चारशे माणसांपैकी प्रत्येकाला आपण त्या दिवसात होतो हे कळलं पाहिजे, आणि आणखी वीस वर्षांनी त्या घरातल्या मुलाला आपल्या पणजीचा आवाज ऐकता आला पाहिजे. कॅमेरा बोलवायचा तो त्यांच्यासाठी.